पियानो पूर्वेकडे

पहाटे पाच. क्रोजनेस्टच्या खिंडीत दिवे अजून जळत होते.
ऑरेस्टने दोर चौथ्यांदा आवळला,
मी पाचव्यांदा ओढून पाहिला.
"पुरे," तो म्हणाला. "पुरे," मी म्हणाले.
सात वर्षांत आमचं एवढंच एकमत.

मागे ट्रकच्या हौद्यात आईचा पियानो,
दोन रजया आणि जुना तंबू पांघरलेला,
दवाखान्यात न्यायच्या जनावरासारखा उभा.

रस्ता आधी त्या दगडांमधून जातो
जिथे एका रात्री अख्खा डोंगरच खाली आला होता.
घराएवढे दगड, त्यांवर नारिंगी दगडफूल.
बाबा इथून जाताना टोपी काढायचे,
चाक गुडघ्यांनी सांभाळत.
ऑरेस्टच्या डोक्यावर टोपी नव्हती,
तरी हात वर गेला,
आणि केस खाजवून खाली आला.

मग डोंगर थांबतात.
हळूहळू नाही,
बोलता बोलता कुणी उठून जावं, तसे.
पुढे गवत. गवतामागे गवत.
आईला डोंगर कधी मानवलेच नाहीत.
"सतत कुणीतरी समोर उभं आहे," म्हणायची,
"आणि बाजूला हो म्हटलं तर होत नाही."
चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीला
तिने पाठच दिली.

पिंचर क्रीकला वाऱ्याने ट्रक दंडाला धरला.
पवनचक्क्या शेतांतून पाय न हलवता धावत होत्या.
आणि मागून एक सूर आला.
खालचा, लांब,
झोपेत कुणी "हं" म्हणावं तसा.
"रजई सरकली," ऑरेस्ट म्हणाला.
"तारा वाजतायत," मी म्हणाले.
दोन्ही खरं होतं.

टेबरच्या पुढे, रस्त्याच्या कडेला,
ठिपक्यांचा रुमाल बांधलेली एक मुलगी
मटार विकत होती. हटराइट वस्तीतली. नाव डोरोथिया.
पैसे मोजायचे सोडून ती हौद्याकडेच बघत राहिली.
"आमच्याकडे वाद्यं नसतात," ती म्हणाली,
तक्रार नव्हती, मटाराचा भाव सांगावा तसं.
"आम्ही गळ्यानेच गातो."
ऑरेस्ट काही न बोलता वर चढला,
तंबूचं टोक सारलं, झाकण उचललं,
आणि मधली एक पट्टी दाबली.

मुलीने मान हलवली.
"खाली आहे हा." आणि खरा सूर गाऊन दाखवला,
बारीक, सरळ, कुंपणाच्या तारेसारखा.
"पहिल्यापासून खालीच होता," ऑरेस्ट म्हणाला.
"आई त्याच्यासाठी खाली उतरून गायची."

हे मला माहीत नव्हतं.
मी आईबरोबर शेवटचा हिवाळा काढला,
औषधांच्या वेळा मला अजून पाठ आहेत.
हे त्याला माहीत होतं.

मेडिसिन हॅटनंतर आम्ही शेंगा सोलत गेलो,
साली खिडकीबाहेर, दाणे त्याच्या ओंजळीत, माझ्या ओंजळीत,
मोजमाप न ठेवता.
पिवळी मोहरी, मग निळं जवस,
धान्याचा एक लाकडी मनोरा, रंग उडून नाव अर्धंच उरलेलं.
खारी बिळाच्या तोंडाशी उभ्या राहून
कुणाचीतरी वाट बघत होत्या.
सस्कॅचेवानची हद्द लागली तेव्हा
ऑरेस्टने घड्याळाकडे पाहिलं.
उन्हाळ्यात इथे वेळ बदलावी लागत नाही.

आईच्या गावच्या सभागृहाची किल्ली
एका मिसेस होलोवाटींकडे आहे, कितीही उशीर करा, म्हणाल्यात.
अजून साठ किलोमीटर.
सूर्य थेट आरशात.
आता समोर कुणीच उभं नव्हतं.

आणि वारा पडला.
इतका की गवताला आपलं गवतपण आठवावं.
मागे काहीच वाजेना.
एक मैल गेला. दुसरा.
आम्ही दोघे कान देऊन बसलो होतो,
एकमेकांना कळू न देता.

मग ऑरेस्टने उजवीकडची चाकं
हलकेच कडेच्या खडबडीत पट्टीवर उतरवली.
ट्रक थरथरला, मटार सांडले,
आणि मागे सगळ्या तारा
एकदम जाग्या झाल्या.

दोर सैल झाले असतील, मला वाटलं.
बोलले नाही.